सोळा अंशांची पाचर

वर्कशॉपात नव्याने आलेल्या पोराच्या हातात पपी डायल, म्हणजे बारीकशी हालचाल काट्यावर मोठी करून दाखवणारं छोटं साधन, दिलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: याने किती मोजता येतं? ०.८ मिलिमीटर, असं सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. सहा इंची व्हर्नियर दीडशे मिलिमीटर मोजतो, साधा मायक्रोमीटर पंचवीस, आणि हा चिमुकला, दिसायला देखणा, किमतीला भारी डायल एक मिलिमीटरही पुरता मोजत नाही. बरं, जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, समोर धरून ‘हा किती जाड आहे?’ असं विचारलं, तर तेही त्याला सांगता येत नाही. त्याला एवढंच कळतं की मघाशी पृष्ठभाग जिथे होता तिथून आता किती सरकला.

फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या मिलिंगवाल्याचं अर्धं काम या एवढ्याशा कळण्यावर चालतं. जॉब पकडणारा वाइस मशीनच्या सरकत्या टेबलाच्या चालीला समांतर आहे का, कटर फिरवणारं हेड काटकोनात उभं आहे का, आधीच पाडलेल्या बोअरचा, म्हणजे भोकाचा, मध्य कटर धरणाऱ्या स्पिंडलखाली आला का, या तिन्ही प्रश्नांत लांबी-रुंदीचा आकडा कुठेच नाही. ‘इथे जे आहे तेच तिथेही आहे ना?’ एवढाच सवाल. हे मला पुस्तकातून माहीत होतं. नीट उमगलं ते एक मोडका डायल दुरुस्त करून वापरायला लागल्यावर.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जे पथारीवर मांडलेलं असतं, त्यात बंद पडलेल्या कारखान्यांची हत्यारं नेहमी सापडतात. पकडी, पाने, रीमर, टॅप, आणि त्यांच्या ढिगात मधूनच एखादं मोजमापाचं साधन, हातोड्यांच्या शेजारी टाकलेलं. ते बघून पोटात कालवतं, पण विकणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही लोखंडच. तिथेच मला हा मिळाला. काच ओरखडलेली, जॉबला टेकणारी काडी, म्हणजे स्टायलस, मुळाशी तुटलेला, मेकरचं नाव घासून गेलेलं. डायलच्या तळाशी बारीक अक्षरात ‘स्विस मेड’ एवढं शिल्लक होतं. बाराशे मागितले, सातशेला दिला. काटा बोटाने ढकलला की हलत होता आणि मध्येच एका जागी रुसून बसत होता.

विकत घेताना काय बघावं, हे लोक विचारतात म्हणून सांगतो. काच फुटलेली असेल तर घाबरू नये, काच मिळते. स्टायलस तुटला असेल तरी चालतं, तो आट्यांवर बसवलेला असतो आणि बदलतो. काटा अडकत असेल तर बहुतेक वेळा घाण असते. पण स्टायलस जिथे बॉडीतून बाहेर येतो तो सांधा हाताला डुलत असेल, वर-खाली खेळत असेल, तर पैसे खिशातच ठेवावेत. तिथली बेअरिंगं गेली की घरी करण्यासारखं काही उरत नाही. आणि आतून तेलाचा वास येत असेल, तर आणखी शंभर रुपये कमी करून घ्यावेत. अडकलेल्या डायलमध्ये जाम झालेले नटबोल्ट सोडवायचा स्प्रे मारण्याची आपल्याकडे फार वाईट खोड आहे. स्प्रे मारल्यावर आठवडाभर तो झकास चालतो. मग ते तेल धूळ धरतं, वाळतं आणि त्याचा लाखेसारखा थर बसतो.

असं का होतं, ते आत काय आहे हे बघितल्याशिवाय कळत नाही. आत एक तरफ असते. तिचं बाहेरचं टोक म्हणजे स्टायलस, त्यावर दोन मिलिमीटरची कार्बाइडची गोळी. आतल्या टोकाला दात्यांची एक कमान. ती कमान छोट्या पिनियनला, म्हणजे लहान दातेरी चाकाला, फिरवते, त्या पिनियनच्याच दांड्यावर बसलेलं क्राउन गिअर काट्याच्या पिनियनला फिरवतं. गोळी ०.८ मिलिमीटर सरकली की काट्याचा एक पूर्ण फेरा. काटा साडेबारा मिलिमीटरचा धरला तर त्याच्या टोकाने ७८ मिलिमीटरचा प्रवास केला, म्हणजे हालचाल जवळजवळ शंभर पटींनी मोठी होऊन डोळ्यांसमोर आली. पण शंभर पटींचा हा न्याय घाणीलाही लागू आहे. पहिल्या दात्यात अडकलेला केसाएवढा कण शेवटच्या काट्यावर डोंगर होतो.

यातली सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे काट्याच्या दांड्यावरची केसासारखी स्प्रिंग. काटा परत आणणं हे तिचं काम आहे असं वाटतं, पण खरं काम वेगळं आहे. कुठल्याही दोन गिअरांच्या दात्यांमध्ये थोडी फट असतेच. ही स्प्रिंग सगळ्या दात्यांना सतत एकाच बाजूला रेटून ठेवते, त्यामुळे ती फट मोजमापात येत नाही. स्प्रिंग मलूल झाली, की काटा जाताना एक आकडा दाखवतो आणि येताना दुसरा.

माझ्या डायलची स्प्रिंग मलूल नव्हती, तिची वेटोळी एकमेकांना चिकटली होती. मी ती तेलाने चिकटली असं धरून चाललो होतो. पांढऱ्या पेट्रोलमध्ये धुतली, वाळवली, तरी दोन वेटोळी सुटेनात. शेवटी मी डायल डबीत घालून रविवार पेठेतल्या आमच्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि विचारलं, “हे लोहचुंबकापाशी ठेवता काय?”

“मॅग्नेटिक स्टँडवरच लावतात काका, याचा जन्मच तिथला.”

“मग झालं तर. स्प्रिंगेत चुंबक भरलंय.”

त्यांच्याकडे चुंबकत्व काढायचं छोटं यंत्र होतं, मनगटी घड्याळांसाठी ठेवलेलं. त्यावरून स्प्रिंग हळूच वर उचलत नेली आणि वेटोळी सुटी झाली, जणू कधी चिकटलीच नव्हती. मग त्यांनी माझ्या डायलचे दगड बघितले. घड्याळात असतात तसेच माणकाचे बारीक छिद्रांचे दगड यातही असतात. म्हणाले, “हे घड्याळच आहे की. फक्त आपणहून चालत नाही, ढकललं की तेवढंच पुढं जातं.” तेल किती घालू, असं विचारलं तर त्यांनी मान हलवली. “घालूच नका. फारच वाटलं तर सुईच्या टोकानं, दगडात. दात्यांना मुळीच नको.”

घड्याळजी आणि डायल यांचं नातं तसं जुनंच आहे. इंग्लंडमधल्या सेंट अल्बान्सचे थॉमस मर्सर हे जहाजांसाठी क्रोनोमीटर, म्हणजे अचूक घड्याळं, बनवणारं घराणं, तेच पुढे डायल गेजही बनवू लागलं. आपल्या पुण्यातल्या बेकर कंपनीच्या जुन्या डायलांवर ‘बेकर मर्सर’ अशी जोडनावं दिसतात. भोसरी-चिंचवडच्या कितीतरी टूलरूममध्ये ते डायल अजून चालू आहेत.

जपानची गोष्ट तर आणखी गमतीची. आपल्याकडे मिटुटोयो हे नाव व्हर्नियरला पर्याय म्हणून वापरलं जातं. ती कंपनी १९३४ साली येहान नुमाता यांनी मायक्रोमीटर बनवण्यासाठी काढली. हेच नुमाता बौद्ध धर्माच्या प्रसाराला वाहिलेले. १९६५ साली त्यांनी त्यासाठी संस्था स्थापली, आणि कित्येक देशांतल्या हॉटेलांच्या खोल्यांत बुद्धाच्या शिकवणुकीची जी पुस्तकं ठेवलेली दिसतात ती याच संस्थेची. मायक्रोमीटरच्या नफ्यातून धर्मग्रंथ! आमच्या शेडमध्ये हे कुणाला सांगितलं की आधी विश्वास बसत नाही, मग ड्रॉवर उघडून त्या मायक्रोमीटरकडे जरा आदराने बघितलं जातं.

तर डायल जोडला. काटा लोण्यातून फिरावा तसा फिरू लागला. राहिला स्टायलस. माझ्या ड्रॉवरमध्ये एका मेलेल्या डायलचा स्टायलस पडून होता. आटे जुळले, बसला, पण नजरेलाच तो किंचित लांब वाटत होता.

पपी डायलमध्ये स्टायलसची लांबी म्हणजे शोभेची गोष्ट नव्हे. सगळं गणित तिच्यावर उभं आहे. तरफेचा बाहेरचा हात लांब झाला तर गोळी तेवढीच सरकली तरी आतली कमान कमी फिरते आणि काटा कमी दाखवतो. किती कमी, हे सांगायला स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे पोलादी ठोकळे, काढाव्या लागल्या.

आमच्याकडे ८७ नगांचा सेट आहे. त्यात १.०१ पासून १.४९ पर्यंत दर शतांशाला, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला, एक स्लिप असते, त्यामुळे या कामाला तो फार सोयीचा. अगदी सपाट अशा सर्फेस प्लेटवर स्टँड, स्टँडला डायल, खाली १.०० ची स्लिप, काटा शून्यावर. मग १.१०, १.२०, १.३०, असं करत १.५० पर्यंत एकेक स्लिप सरकवत जायचं. पहिल्यांदा बघायचं ते परत १.०० ची स्लिप ठेवल्यावर काटा शून्यावर येतो का. आला. पुन्हा आला. जाताना आणि येताना पाव रेघेपेक्षा जास्त फरक नाही (डायलवरची एक रेघ म्हणजे एक शतांश). फक्त फेऱ्याच्या अगदी शेवटच्या भागात अर्ध्या रेघेचा अडखळा आहे. तिथे एखादा दाता झिजला असणार, आणि तो भाग न वापरणं हाच त्यावर उपाय.

दुसरं बघायचं ते आकडा. १.५० ची स्लिप ठेवली तेव्हा काट्याने ०.५० ऐवजी ०.४८ दाखवलं. १.२५ ला ०.२४. सगळीकडे तोच चार टक्क्यांचा घोळ, एकाच दिशेने, एकाच प्रमाणात. म्हणजे स्टायलस मूळच्यापेक्षा चार टक्के लांब.

खरं सांगायचं तर हा आकडा मिळाला तेव्हा मला आनंदच झाला. बाजारातून आणलेल्या नव्याकोऱ्या डायलबद्दल मला काय माहीत असतं? डबीवर छापलेलं तेवढंच. याच्याबद्दल मात्र मला माहीत आहे की हा नेमका चार टक्के कमी बोलतो आणि शेवटच्या घरात अडखळतो. चुका माहीत झालेल्या साधनाशी व्यवहार करता येतो.

स्लिप गेजचंही सांगायला हवं, कारण इथे विश्वास कुणाकडून उसना घेतला हे लपवण्यात अर्थ नाही. कार्ल एडवर्ड योहान्सन हा स्वीडनमधल्या एस्किल्स्टूनाच्या बंदूक कारखान्यातला हत्यारांचा कारागीर. १८९६ साली जर्मनीतल्या माउझरच्या कारखान्याहून परतताना आगगाडीत त्याला ही कल्पना सुचली. प्रत्येक मापासाठी वेगळं गेज बनवत बसण्यापेक्षा मोजके ठोकळे असे निवडायचे की ते जोडून हवं ते माप तयार होईल. त्याच्या १०२ ठोकळ्यांतून शतांशाच्या पायरीने वीस हजार मापं जुळत. आणि ठोकळे घासून तयार करण्यासाठी त्याने घरात बायकोचं शिवणयंत्र बदलून घेतलं होतं! त्या बाईने पुढे कपडे कशावर शिवले याची नोंद कुठल्याही पुस्तकात माझ्या पाहण्यात आली नाही. दोन स्वच्छ स्लिप एकमेकींवर घासून फिरवल्या की त्या अशा चिकटतात की एकीला उचलली तर दुसरी लोंबकळत येते. कितीही वर्षं काम केलं तरी मला अजून ते बघायला आवडतं.

माझा डायल स्लिपवर विसंबून, स्लिप लॅबच्या दाखल्यावर, लॅबचे मानक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेशी जोडलेले, आणि तिथला मीटर प्रकाशाच्या वेगावर बेतलेला: निर्वातात प्रकाश सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढं अंतर जातो तेवढा. १९८३ पासून ही व्याख्या आहे. एवढी साखळी खाली उतरत उतरत भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये सातशे रुपयांच्या डायलपर्यंत येते.

आता त्या चार टक्क्यांचं काय करायचं? इथे पपी डायलचा दुसरा एक दुर्गुण कामाला आला.

स्टायलस पृष्ठभागाशी शक्यतो समांतर असावा असं शिकवतात. तो तिरका असेल तर डायल खोटं बोलतो, आणि जास्तीचं बोलतो. खरं माप काढायला वाचलेल्या आकड्याला त्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं. दहा अंश तिरका असेल तर ०.९८५, म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं. वीस अंशांना ०.९४. तीस अंशांना ०.८७, आणि कुणी घाईत साठ अंशांवर लावला तर सरळ अर्धं: डायल दहा रेघा दाखवतो, जॉब पाचच रेघा बाहेर असतो. हे चुकतं तेव्हा माणूस मशीनला शिव्या देतो.

माझा लांब स्टायलस कमी दाखवत होता. तिरका स्टायलस जास्त दाखवतो. मग असा कोन शोधायचा की दोन्ही खोटी बोलणी एकमेकींना खाऊन टाकतील. ज्याचा कोसाइन ०.९६ च्या आसपास तो कोन म्हणजे सोळा अंश. दरवेळी डोळ्याने सोळा अंश लावणं काही खरं नाही, म्हणून पितळेची एक छोटी पाचर मिलिंगवरच काढली आणि साइन बारवर, म्हणजे एका टोकाखाली स्लिप ठेवून नेमका कोन साधणाऱ्या पट्टीवर, तपासली. शंभर मिलिमीटरच्या साइन बारखाली २७.५६ लागतात, म्हणजे २०, ६.५ आणि १.०६ अशा तीन स्लिप. पाचर पृष्ठभागावर ठेवायची, तिच्या उतारावर स्टायलस टेकवायचा, पाचर काढून घ्यायची. स्टायलसचा सांधा घर्षणावर असतो, तो लावाल तिथे थांबतो. पुन्हा स्लिप मांडल्या. १.५० ला काटा ०.५० वर, डोळ्याला कळेल इतका फरक नाही. एखाद-दोन अंश इकडेतिकडे झाले तरी एका टक्क्याचाच प्रश्न, आणि पाच शतांशांवर एक टक्का म्हणजे अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

ही माझी काही नवी युक्ती नाही. काही स्विस डायल बारा अंशांवरच वापरायचे असतात, त्यांची रचनाच तशी केलेली असते. त्यांचं ठरवून केलेलं, माझं निभावून नेलेलं.

आणि एवढं सगळं करून झाल्यावर लक्षात येतं की हा डायल आम्ही ज्या कामांना रोज वापरतो त्यातल्या बहुतेकांना पाचर लागतच नाही.

बोअरचा मध्य शोधणं घ्या. स्पिंडलमध्ये डायल धरला, गोळी बोअरच्या भिंतीला टेकवली, स्पिंडल हाताने फिरवला. डावीकडे शून्य आणि उजवीकडे दहा रेघा आल्या तर टेबल पाच रेघा सरकवायचं. मग पुन्हा फेरी. शेवटी काटा पूर्ण फेरीत हलेनासा होतो. तिथे डायल चार टक्के कमी बोलतो की दहा टक्के जास्त, याने काहीही बिघडत नाही. शून्याला कितीनेही गुणा, शून्यच. डायल फक्त परत परत त्याच जागी यायला हवा, आणि हे काम हा म्हातारा चोख करतो. एकच अडचण, काटा मशीनच्या पाठीमागे गेला की दिसत नाही. त्यासाठी दाताच्या डॉक्टरांचा असतो तसा छोटा आरसा ठेवला आहे. आरशात काटा उलटा फिरतो, एवढं ध्यानात ठेवायचं.

वाइसलाही तेच. डायल नेहमी फिक्स जॉला, म्हणजे वाइसच्या न हलणाऱ्या जबड्याला, मारायचा, हलत्या जॉवर विश्वास नाही, तो आवळताना उचलतो. टेबल चालवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं आणि हातोडीच्या हलक्या टिचक्यांनी वाइस आणत जायचा. आमचे मामा, ज्यांनी आमच्या एचएमटीच्या जुन्या एफएन-२ मिलिंग मशीनवर हयात काढली, ते हे काम काट्याकडे फारसं न बघता करतात. त्यांचं लक्ष आवाजाकडे असतं, टिचकीच्या.

हेडचं काम जरा जिकिरीचं. डायल आडव्या दांडीला लावून टेबलावर मोठं वर्तुळ फिरवायचं आणि डावी-उजवी बाजू जुळवायची. टेबलाच्या टी-स्लॉटमध्ये, म्हणजे त्यातल्या खाचांत, गोळी पडते, म्हणून खाली मोठ्या जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग ठेवतो. तिच्या दोन्ही कडा ग्राइंड केलेल्या असतात आणि भंगारात तिला कुणी विचारत नाही. हेड किती बाहेर चालेल याचा हिशेब सोपा आहे. २५० मिलिमीटरला ०.१० चा फरक राहिला, तर ६३ च्या कटरच्या दोन कडांत ०.०२५ चा फरक पडतो. टेबल पुढेमागे चालवून शेजारशेजारी पास घेतले की मध्ये नखाला लागेल अशी पायरी दिसते. पार्टी, म्हणजे काम देणारं गिऱ्हाईक, ती पायरीच आधी बघते, माप नंतर.

उन्हाळ्यात मात्र डायलला दोष देण्याआधी थर्मामीटर बघावा. मापं २० अंश सेल्सियसला खरी धरायची, हे १९३१ पासून ठरलेलं आहे. एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याखाली २० अंश फक्त पहाटेच्या स्वप्नात असतात. पोलाद दर मीटरला दर अंशाला साडेअकरा मायक्रॉन वाढतं, अ‍ॅल्युमिनियम तेवीस. पोलादी जॉब आणि पोलादी गेज बरोबरीने वाढतात, त्यामुळे निभावतं. पण २०० मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब ३५ अंशांना पोलादी गेजशी जुळवला, तर साडेतीन शतांशांची तफावत निव्वळ उकाड्याची असते. आमच्याकडचा आयटीआयचा मुलगा एकदा म्हणाला, “शेठ, डिजिटल घ्या ना, हे काट्याचं कशाला?” डिजिटल आहे की आमच्याकडे, टेबल किती सरकलं ते आकड्यांत दाखवणारा डीआरओही आहे. पण तेही याच उकाड्यात बसतात. शिवाय काटा कुठल्या बाजूला आणि किती झपाट्याने पळतोय हे हातोडी मारणाऱ्याला लगेच दिसतं, नुसते आकडे भराभर बदलताना दिसत नाही.

पार्टीकडून ऑडिटला माणूस येतो तेव्हा हा डायल कपाटात जातो. त्याला कॅलिब्रेशनचा दाखला नाही आणि तो मी मागायलाही जाणार नाही. तपासणीला दाखल्याचा डायल वेगळा आहे. याच्या डबीवर मी चिठ्ठी चिकटवली आहे: ‘फक्त सेटिंगसाठी. आकडा हवा असेल तर पाचर लावून. शेवटचा पाव फेरा वापरू नये.’ खाली कुणीतरी पेन्सिलीने ‘तेल घालू नये’ असं वाढवलं आहे. अक्षर मामांचं वाटतं.

मूळ लांबीचा स्टायलस मुंबईच्या एका दुकानदाराकडे मिळू शकतो, असं परवा कळलं. किंमत डायलला मोजली त्याच्या दुपटीहून अधिक. मी मामांना विचारलं, आणू का? त्यांनी पाचर उचलून कापडाने पुसली आणि म्हणाले, “आता कशाला? ही करून झालीय ना.”